मिलकानं निवडून दिलेला मासा

मिलका झिराडकरला राग आला की ती आरडाओरडा करत नसे. ती जेवायला वाढी, भांडी घाशी, शेजारणीच्या गुडघेदुखीची चौकशी करी, आणि राग आतल्या आत मुरू देई. तिचा नवरा जोसेफ सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता; दोघं कोकणातून इस्रायलला आलेले यहुदी. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की बायको तडातडा बोलते आहे तोवर काळजी नाही. ती गोड बोलायला लागली की मात्र आपण जरा बाहेर चक्कर मारून यावं. १९६२ साली मिलका फार गोड बोलत होती.

रामला गावच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला अहरोन नावाच्या एका बगदादी म्हाताऱ्याचं दुकान होतं. पुढे पिंजऱ्यांत पाखरं, मध्ये दाण्यांची पोती, आणि मागच्या भिंतीला काचेच्या टाक्यांत मासे. मिलका तिथे आधी पिंजरे धुवायला लागली. मग म्हाताऱ्याचे पाय सुजायला लागले, तो दारातल्या खुर्चीतून उठेना, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. तिची हिब्रू बाजारातली, व्याकरणाला भीक न घालणारी. पण माशांच्या बाबतीत ती चुकत नसे, कारण म्हातारा खुर्चीतून दिवसभर एकच पाठ घोकून घेई: कोणाशेजारी कोण नांदतं आणि कोण कोणाला खातं.

तिची मुलगी रुबी दवाखान्यात कामाला होती. तिथेच तिची ओळख अमोसशी झाली. अमोस हा हर्श घड्याळजीचा एकुलता मुलगा. हर्श मूळचा रुमानियाचा. बायको कधीच वारलेली, स्टेशनच्या रस्त्याला घर, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. माणूस नीटनेटका, टोपी कधी वाकडी नाही, सिनेगॉगमध्ये पहिल्या रांगेत जागा. त्या वर्षीच्या थंडीत झिराडकरांच्या दोन खोल्यांत साखरपुडा झाला. आपल्या पद्धतीप्रमाणे मलिद्याचं ताट मांडलं, एलियाहू हनाबी ह्या संदेष्ट्याचं गाणं म्हटलं. हर्शनं पोह्यांचा मलिदा दोनदा मागून घेतला आणि हे काय आहे, कसं करतात, हेही विचारलं. मिलकाला त्या दिवशी तो माणूस आवडला होता. पुढे तिला हर्शपेक्षाही स्वतःच्या त्या आवडण्याचा जास्त राग आला.

साखरपुड्याला महिना उलटला नसेल, तोच वरून, देशाच्या मुख्य धर्मगुरूंकडून, फर्मान निघालं की हिंदुस्तानातून आलेल्या बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या कोकणी यहुद्यांचं, लग्न लावायचं तर त्यांच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करावी. मध्ये कुणी परकं आलं होतं का ते पाहावं. गावात जिकडेतिकडे तीच चर्चा. जोसेफचं म्हणणं होतं की करू देत चौकशी, आपल्याला काय लपवायचं आहे? चार माणसं साक्षीला उभी करू. गावच्या रब्बीनंसुद्धा काही महिने लागतील, पण होऊन जाईल असंच सांगितलं होतं. म्हणजे अडचण होती ती थांबण्याची. हर्श थांबायला तयार नव्हता.

त्यानं नवरा-बायकोला घरी बोलावलं. तेव्हा मिलकानं त्याची टाकी पहिल्यांदा पाहिली. खिडकीखाली, उन्हात, पेटीएवढी लांब काचेची टाकी, आणि तिच्यात पाच गोल्डफिश. लठ्ठ, संथ, लांब शेपट्यांचे. एक अगदी पांढरा, डोक्यावर तेवढा लाल ठिपका. हर्श त्यांच्याशी आपल्या जुन्या भाषेत काहीतरी बोलला आणि ते काचेपाशी आले. माणसांशी बोलताना ज्याच्या चेहऱ्यावरची घडी मोडत नसे, तो माशांशी बोलताना वेगळाच दिसत होता. मिलकानं ते बघून ठेवलं.

मग तो मुद्द्यावर आला. आज चौकशी होईल, शिक्का मिळेल, पण उद्या कुणी बोट दाखवलं तर? नातवंडांच्या लग्नात पुन्हा हेच उपटलं तर? आपल्याला तुमच्याबद्दल आकस नाही, फक्त पुरावा हवा. जोसेफ खाली मान घालून टोपी हातात फिरवत होता. मग मिलका बोलली. तिनं आपल्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट सांगितली. शेकडो वर्षं कोकणात एकट्या पडलेल्या आपल्या माणसांना प्रार्थनाही आठवत नव्हत्या. बाहेरून एक यहुदी पाहुणा आला. हे खरंच आपले का, हे त्याला कळेना. त्यानं सगळ्या जातींचे मासे एकत्र करून बायकांपुढे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी शिंगाळे, मुशी, कोळंबी बाजूला सारली आणि ज्यांना पर आणि खवले होते तेवढेच, यहुदी धर्माला चालणारे, मासे घेतले. पाहुण्यानं तिथेच ओळखलं. मिलकानं स्वतः आईच्या मांडीला मांडी लावून कोकणातल्या झिराडच्या ओट्यावर असेच मासे निवडले होते. बोय आणि जिताडा ठेवायचा, बाकीचं कोळणीला परत. कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच माहीत होतं.

हर्श हसला. तसं फार नाही, नाकातल्या नाकात.

"गेव्हेरेत झिराडकर," तो हिब्रूत बाईमाणसाला म्हणतात तशा अदबीनं म्हणाला, "मासे तर मांजरसुद्धा निवडून खातं."

अमोस टाकीपाशी उभा राहून माशांना चिमटी चिमटी खाणं घालत होता. त्यानं ऐकलं. त्यानं डबीचं झाकण लावलं आणि आत गेला.

साखरपुडा मोडला. रुबीनं रडारड केली नाही, कुणाला दोष दिला नाही. तिनं दवाखान्यातली नोकरी सोडली आणि येरुहामला आत्याकडे निघून गेली. तिथे वाळवंटात नव्या वस्तीत कारखान्यात काम मिळत होतं. तिला बसमध्ये बसवून परत येताना मिलकानं मनाशी ठरवलं की हर्शचा जीव ज्याच्यावर आहे ते त्याच्या डोळ्यांदेखत जायला हवं. आणि ते कुणी नेलं हे त्याला कळायला हवं. नुसतं गेलं तर उपयोग नाही.

हे ठरवलं, पण करायचं काय? हर्श काही तिच्या वाटेला येत नव्हता. ती बाजारात दिसली तर टोपीला हात लावून पुढे जाई, जणू मधे काही घडलंच नाही. त्या टोपीला हात लावण्यानं तिच्या अंगाचा तिळपापड होई. वर्ष असंच गेलं. मग १९६३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तो स्वतःच दुकानाच्या दारात उभा राहिला. गावात माशांचं दुसरं दुकान नव्हतं, आणि अहरोन तेव्हा नेमका दुपारच्या झोपेसाठी घरी गेला होता.

हर्श जरा घुटमळला, पण गरज मोठी होती. टाकीत शेवाळ माजलं होतं. काचा हिरव्या, दगड हिरवे, पाणीसुद्धा हिरवट. आज घासावं तर आठवड्यात पुन्हा तेच. मासे दिसेनासे झाले होते. शेवाळ खाणारा एखादा सोबती त्यांच्यात सोडता येईल का, असं त्यानं विचारलं, आणि मिलकानं इतक्या गोडव्यानं त्याला बसायला खुर्ची दिली की जोसेफ तिथे असता तर सरळ येरुहामपर्यंत चालत गेला असता.

खरा सल्ला तिला तोंडपाठ होता. टाकी खिडकीतल्या उन्हातून हलवा, अर्धं शेवाळ आपोआप जाईल. हे तिनं सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं घोकून घेतलेलं बाकी सगळं मात्र एकेक करून खरं तेच सांगितलं, कारण खऱ्यानंच काम होणार होतं. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि शेवाळ खाणारे बहुतेक मासे उबेतले, तेव्हा निवड आधीच थोडी. त्यातून गोल्डफिश खादाड. तोंडात मावेल ते गिळतात, म्हणून सोबती अगदी बारका नको. शिवाय बिचारे संथ आणि रुंद अंगाचे, म्हणून सोबती दांडगटही नको.

मग तिनं माल दाखवला. पहिल्या टाकीत काळ्या गोगलगायी होत्या, अक्रोडाएवढ्या. थंडी सोसतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, काच चाटून लख्ख करतात. दुसऱ्या टाकीत मिशीवाले लहान मासे, बिनखवल्याचे, तळाशी पडलेलं उष्टं आणि शेवाळ वेचणारे, तेही गरीब स्वभावाचे. हर्श गोगलगायींकडे वाकून पाहू लागला आणि म्हणाला, ह्याच बऱ्या दिसतात.

"चांगल्याच आहेत," मिलका म्हणाली. "फक्त तुमच्याकडे शनिवारी शब्बाथला सिनेगॉगची माणसं येतात ना? पुढच्याच खोलीत टाकी आहे. लोक काय, काचेवर गोगलगाय दिसली की म्हणतील, हर्शच्या घरात तारेफ. मला आपलं वाटलं."

तारेफ म्हणजे खायला निषिद्ध; पाळण्याबद्दल शास्त्रात असं काही नाही. खायची नसेल तर घरात गोगलगाय पाळा नाहीतर घोडा पाळा, कोण विचारतं? पण बेने इस्रायलांच्या घरात बिनखवल्याचं काही उंबऱ्याच्या आत आणायचंच नाही, ही सवय इतकी जुनी की तिची शहानिशा कुणी केलीच नव्हती. मिलकाला स्वतःलाही त्या दुकानात पहिल्या आठवड्यात गोगलगायींना हात लावताना कसंतरी झालं होतं. तिनं आपली भीती हर्शच्या गळ्यात घातली आणि ती त्याला बरोब्बर बसली. लोक काय म्हणतील हे ऐकल्याबरोबर तो गोगलगायींपासून मागे सरकला. मिशीवाल्यांकडेही त्यानं पाहिलं नाही.

"खवले असलेला एखादा आहे?" त्यानं विचारलं.

होता. कोपऱ्यातल्या टाकीत, पूर्वेकडून आणलेला, बोटभर लांब, तपकिरी, अंगावर काळी रेघ, खालच्या बाजूला चोखणी असावी तसं तोंड. झिराडच्या ओढ्यात दगडाला चिकटणाऱ्या मळ्यासारखा दिसे, म्हणून मिलका त्याला मळ्याच म्हणायची. तिनं तो जाळीत धरून उजेडात दाखवला. हे पर, हे खवले, बघा कसे नीट रांगेत आहेत. हा शेवाळावर तुटून पडेल, गार पाणीही चालवून घेईल. हे सगळं खरं होतं. मळ्या लहान असतो तोवर शेवाळच खातो. मोठा झाला की त्याची शेवाळावरची वासना उडते आणि तो संथ, रुंद माशांच्या कुशीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत लेप चोखायला लागतो. लेप गेला की कातडी उघडी पडते, मग जखम, मग बुरशी. गोल्डफिशबरोबर हा कुणी मागितला तरी द्यायचा नाही, असं अहरोननं तिला बजावलं होतं. तिनं दोन दिले.

हर्श खूश झाला. कागदात गुंडाळलेली बरणी छातीशी धरून तो निघाला आणि दारातून वळून म्हणाला की खरंच, तिला माशांची पारख आहे. मिलकानं गोड हसून मान डोलावली. ती त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोपली.

उन्हाळाभर टाकी आरशासारखी झाली. हर्श दोनदा दुकानात येऊन अहरोनसमोर तिचे आभार मानून गेला. म्हाताऱ्यानं काय दिलंस म्हणून विचारलं, तिनं गोगलगायी म्हणून सांगितलं. हे आभार ती मोजक्या शब्दांत परत करी आणि आत जाऊन पाखरांचं पाणी बदली. घाई नव्हती. मळ्याला वाढू द्यायचं होतं.

थंडी सरली आणि हर्शची चाल बदलली. तो दुकानात आला तेव्हा टोपी हातात होती. पांढऱ्या माशाच्या कुशीवर लाल चट्टा पडला होता, तो खात नव्हता, कोपऱ्यात तोंड करून राही. मिलकानं मीठ टाकायला सांगितलं, आणि जरा उपाशी ठेवा म्हणाली. उपाशी ठेवल्यानं मळ्याला कुठलंच उष्टं मिळणार नव्हतं, मग तो आणखीच जोरानं चोखणार, हे तिला माहीत होतं. आठ-दहा दिवसांनी पांढरा मेला. मग शेपटी फाटलेला गेला. मग हर्श विनवायला आला की गेव्हेरेत, एकदा येऊन बघाल का, अहरोनला चालवत नाही आणि माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.

ती गेली. ज्या खोलीत तो नाकातल्या नाकात हसला होता त्याच खोलीत, त्याच खुर्चीजवळ ती उभी राहिली. तिघे उरले होते, अंगावर खरचटल्यासारखे चट्टे घेऊन. हर्श स्वयंपाकघरात पाणी तापवायला गेला. मिलका हलली नाही, श्वाससुद्धा हळू घेतला. दगडाआडून दोघांतला एक मळ्या निघाला. आता वीतभर झाला होता, गळ्याशी जाड. तो सरळ मोठ्या लाल माशाच्या कुशीला जाऊन लागला आणि लाल मासा त्याला ओढत, अंग झटकत टाकीभर फिरू लागला. हर्शची पावलं वाजली तसा मळ्या सुटून दगडामागे गेला. म्हणूनच तो घड्याळजी, बारीक चाकं बघणारा, इतक्या महिन्यांत एकदाही त्याला पकडू शकला नव्हता. मिलकाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, पोटभर जेवल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

पाणी जड आहे, ती म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि तिचे आभार मानले. तिथे तिच्या मनात काहीतरी बिनसलं. हा माणूस रडकुंडीला आला होता, पण त्याच्या दृष्टीनं हे पाण्याचं काम होतं, देवाचं काम होतं. त्यात मिलका कुठेच नव्हती. उलट ती मदत करणारी भली बाई झाली होती. वसंतातल्या पेसाहच्या सणापर्यंत उरलेले तिघेही गेले आणि हर्शनं तिला बाजारात थांबवून सांगितलं की तुम्ही मात्र शेवटपर्यंत खूप केलंत. मिलका घरी आली आणि तिनं जोसेफवर कारणाशिवाय आरडाओरडा केला. जोसेफला हायसं वाटलं, त्याला वाटलं राग उतरला.

सांगून टाकायचं एवढंच आता राहिलं होतं. ती संधी शोधत होती, तेवढ्यात उन्हाळ्यात सगळ्या बेने इस्रायलांनी त्या फर्मानाविरुद्ध यरुशलेमला धरणं धरलं. मिलका आणि जोसेफही वळकटी घेऊन बसनं गेले आणि उघड्यावर बसले. बायाबापड्या, म्हातारे, तान्ही मुलं, सगळे तिथे. शेवटी वर संसदेत ठराव झाला की बेने इस्रायल हे सर्वार्थानं यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही. लोक नाचले. मिलका नाचली नाही. जे आपलंच होतं ते कुणीतरी परत दिलं म्हणून नाचायचं काय, असं ती म्हणाली, पण घरी परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ रडली.

रोश हशानाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, आधी ती गव्हाच्या चिकाचा हलवा आटवत असताना हर्श दारात आला. सोबत मध आणि सफरचंदं. बसला, घाम पुसला, आणि म्हणाला की आता सगळं स्वच्छ झालं, कुणी बोट दाखवू शकत नाही. अमोसनं दुसरी मुलगी पाहायला नकार दिला होता, वर्षभर बापाशी धड बोलला नव्हता. रुबी तयार असेल तर सणाच्या दिवसांत बोलणी करू. बोलता बोलता त्याला राहवलं नाही. घर खायला उठतं, तो म्हणाला. टाकीत आता तुमचे ते खवलेवाले दोघेच राहिले आहेत, चांगले गलेलठ्ठ झाले आहेत, पण माझे का गेले ते मला अजून कळलं नाही.

मिलकाच्या जिभेवर सगळं तयार होतं. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर खुर्चीत बसून घाम पुसत होता. पण सांगितलं की रुबीचं लग्न त्याच घटकेला संपलं. येरुहामला रुबीनं दोन स्थळं परत पाठवली होती, आणि मिलकानं त्याचा अर्थ लावला होता की पोरीचा जीव अजून अमोसवर आहे. तिनं पळी घट्ट धरली आणि हलवा ढवळत राहिली. पाणी जड असेल, ती म्हणाली. लेकीसाठी गिळलेला तो घास तिच्या आयुष्यातला सगळ्यात कडू होता.

रुबी सणाला आली. उन्हानं रापलेली, हात कारखान्यातल्या कामानं खरबरीत, बोलणं आधीपेक्षा कमी. हर्श आणि अमोस आले. जोसेफनं नवा सदरा घातला होता. हलव्याच्या वड्या ताटात मांडल्या होत्या. हर्शनं छान शब्दांत बोलणी काढली, ठरावाचा उल्लेख केला, झालं गेलं विसरू या म्हणाला. रुबीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती अमोसकडे वळून हिब्रूत बोलली, त्याच्याकडून एकही अक्षर सुटू नये म्हणून.

"पुरावा मागितला त्याचा मला राग नाही. तो सगळ्यांकडेच मागत होते. त्या दिवशी माझ्या आईशी तुझे वडील बोलले तेव्हा तू खोलीत होतास. तू काय म्हणालास?"

अमोस म्हणाला, काही नाही.

"तेच," रुबी म्हणाली. "म्हणून मला तुझ्याशी लग्न करायचं नाही."

आवाज चढला नव्हता. अमोसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. हर्श मानेपर्यंत लाल झाला. त्याची मान हळूहळू खाली गेली. तो नुसता आपल्या बुटांकडे पाहत बसला. पोराचं दोन वर्षांचं दुःख आपल्या एका वाक्यानं झालं, हे त्याला तिथे, सगळ्यांसमोर कळलं होतं.

मिलकानं ती खाली गेलेली मान पाहिली. हेच तर हवं होतं. पण तिचा हात त्यात नव्हता, आणि आता तिला अडवणारंही काही उरलं नव्हतं. लग्न मोडलंच होतं. तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अदोन हर्श," ती त्याच्याच अदबीनं म्हणाली, "तुमचे मासे पाण्यानं मेले नाहीत. मी मारले."

आणि तिनं सगळं सांगितलं. गोगलगायी चांगल्या होत्या, मिशीवाले चांगले होते. खवले बघून तुम्ही घेतला तो मासा दुसऱ्याच्या अंगाचं साल काढून जगतो. मला माहीत होतं, म्हणून मी तो दिला. मीठ टाका म्हटलं, आणि उपाशी ठेवा म्हटलं ते मासे लवकर मरावेत म्हणून. मी तुमच्या घरी येऊन उभी राहून पाहिलं. ती भराभर बोलत गेली, मोडक्या हिब्रूत, मध्येच मराठीत, आणि दोन वर्षं मुरलेला राग बाहेर पडताना तिला इतकं हलकं वाटलं की समोर काय होतंय ते तिला दिसलंच नाही.

हर्शची मान वर येत होती. आधी चेहऱ्यावर धक्का होता, मग दुःख, आणि मग ते दोन्ही ओसरून तिथे एक प्रकारचा आराम आला. त्यानं खांदे सरळ केले. कोटाची बटणं लावली. टोपी उचलून नीट डोक्यावर ठेवली.

"ऐकलंस, अमोस?" तो मुलाला म्हणाला. "मी ह्या सोयरिकीला उगीच घाबरत नव्हतो."

अमोसनं डोळे पुसले. त्यानं रुबीकडे पाहिलं, आणि आता त्या पाहण्यात पश्चात्ताप नव्हता, सुटका होती. दोघं उठले. दारातून जाताना हर्शनं जोसेफला नमस्कार केला, फसवल्या गेलेल्या भल्या माणसानं करावा तसा. जिन्यावरून त्यांची पावलं ताठ उतरत गेली.

मिलका दाराकडे पाहत उभी राहिली. मागून रुबीचा आवाज आला, रागाचा नव्हे, दमलेला.

"माझं बोलून झालं होतं, आई."

रुबीनं हलव्याचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं, आपली पिशवी भरली, आणि सणाला न थांबता दुपारच्या बसनं ती येरुहामला परत गेली.